माझ्यामागनं आलेली मेंढरं

मेंढरांमागं वर्षानुवर्षं चाललं की किस्से आपोआप साचतात. आता मी सातपूरला लेकाच्या खोलीत राहते. तो कारखान्यात गेला की शेजारणी गॅलरीत जमतात आणि म्हणतात, "मावशी, मेंढरांचं सांगा की."

मग मी आधी सासूबाईंचं सांगते. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट, मी नवी नवरी. एका मेंढीला धरायला धावले. ती पळाली म्हणून सगळा कळप पळाला, तो थेट सायखेड्यात एकाच्या कांद्यात! शेतकरी तणतणत आला. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "तिच्याकडं टक लावून जाऊ नको. दुसरीकडं बघत, हळू जा. सासरच्या माणसांत जातीस तशी."

शेतकऱ्यालाच हसू फुटलं.

भिका भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आवाज असा की लग्नात त्यांच्या हातात कुणी माईक देत नसे. पण कळपात शिरले की अगदी हळू बोलायचे, मेंढरं बुजू नयेत म्हणून. जाऊबाई एकदा वैतागल्या, माझ्याशी असं कधी बोलता, म्हणाल्या.

संध्याकाळी बघते तर जाऊबाई मेंढरांत जाऊन बसलेल्या.

एक मेंढी लंगडत होती. आमचे कारभारी तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. ती ओरडून ओरडून हात लावू देईना. डॉक्टर म्हणाले, एकटी घाबरलीय, सोबत आणा. दुसऱ्या दिवशी दोघी नेल्या, तर गपचूप उभी राहिली.

पुढं कारभाऱ्यांचंच ऑपरेशन निघालं. नर्सनं मला दाराशी अडवलं, तर आतून म्हणाले, "तिला येऊ द्या बाई, नायतर मी ओरडंल."

त्या दुखण्यातच ते गेले. भावजींचे गुडघे गेलेले, मला एकटीला कळप झेपेना. लेकानं विकायचं ठरवलं.

टेम्पो आला. मेंढरं फळीवर पाय ठेवीनात. ड्रायव्हर काठी आपटून ओरडायला लागला, तशी एकमेकांत घुसून गोल फिरू लागली. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि फळीवरनं चढून आत जाऊन बसले. जरा वेळानं एक आली, तिच्यामागं सगळी.

घेणाऱ्याच्या गावापर्यंत, देवळ्याला, मी त्यांच्यातच बसून गेले. त्याच्या वाघरीत, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, मी आधी शिरले, माझ्यामागनं ती. कुणाला हातसुद्धा लावावा लागला नाही. माणूस खूश झाला, चहा घेऊन जा म्हणाला.

सगळी माझ्याकडंच तोंड करून उभी होती.

मी त्याला विचारलं, "बाबा, मला भाईर पडायला मागनं वाट हाय का?"