हलका चाप

मारुंजीच्या नेमबाजी केंद्रात मी गेटवर बसतो. तिथला रायफली दुरुस्त करणारा कमी बोलतो, अन् बोलला की खेकसतो. चाप हलका करायचा स्क्रू जरासा फिरवला, की रिकाम्या रायफलीचा दस्ता रबरी चटईवर आपटतो. नुसत्या धक्क्यानं चाप सुटला, तर परत जड करतो.

परवा एक पोरगी म्हणाली, "काका, अजून हलका करा ना, उद्या मॅच आहे."

त्यानं केला, रायफल आपटली. चाप सुटला.

"बघितलंस? न्हाई जमायचं."

"मी हरेन!"

"हर. जित्ती राहून हर."

माझी बायको बंदुकीनंच गेली. रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक मी भरून भिंतीला टेकवली होती. ती घसरली अन् बार उडाला. तिचा चाप यानंच हलका केला होता, आपटून न बघता. गाव अजून त्याला शिव्या घालतं. तो खाली मान घालून ऐकतो.

जड चाप ओढायला माझ्या बोटांत जोर राहिला नव्हता. "हलका कर अन् दे लगेच, तपासत बसू नको, मला घाई हाय," असं मीच त्याला म्हणालो होतो. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं न्हाई. मीबी न्हाई.