हिरव्या बाणाचा जलालुद्दीन

आरमोरीच्या बाजारातला जलालुद्दीन मला कधीच आवडला नाही. आजही आवडत नाही. मूळचा वरोऱ्याचा. तिकडे बापाबरोबर रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचा. तो धंदा बसला तेव्हा सासुरवाडीच्या गावी येऊन त्याने कम्प्युटरचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका टाइप करायचा, मोबाइलच्या कार्डात गाणी भरून द्यायचा आणि गिऱ्हाइकांवर खेकसायचा.

त्याचं पालुपद एकच. पेनड्राइव्ह असो की कार्ड, कुणी थेट उपटलं की हा खवळायचा. आधी पडद्याच्या कोपऱ्यातल्या हिरव्या बाणावर क्लिक करायचं, आता काढा असं लिहून आलं की मगच काढायचं. गुणवंतराव गुरुजींना त्याने भर दुकानात सुनावलं होतं, "चालत्या बैलबंडीतून उडी मारता का, गुरुजी? मंग हे काऊन उपटता?" म्हातारा माणूस ओशाळला. याची एकदा जिरवायची, हे मी तेव्हाच ठरवलं.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण इंदुताई अडचणीत आली. नवरा वारलेला. तिच्या वाट्याची दोन एकर धानाची बांधी तिचा दीर मुखरू दाबून बसला होता. वाटणी तोंडी झालेली, कागद मुखरूच्या नावावर. पण एकदा भांडणात तो बोलून गेला, "बांधी तुहीच हाय, पण देत नाई. काय कराचं ते कर." ताईने ते मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं होतं. वकील म्हणाला, सीडी करून आणा. दुसरा पुरावा नव्हता. ताईने कार्ड माझ्या हाती दिलं.

जलालुद्दीन म्हणाला, "आधी कम्प्युटरमध्ये घेऊन ठेवतो."

मुखरूसुद्धा त्याच्याकडेच गाणी भरायचा. हा उद्या त्याला ऐकवणार नाही कशावरून? मी म्हटलं, "तुमच्या मशीनमधी काई ठेवाचं नाई. कार्डावरून सीधी सीडी करा."

"मले चोर समजता का, आदेशभाऊ?" त्याचा आवाज चढला, पण तो कबूल झाला. सीडी संपल्या होत्या. तो आणायला निघाला तर मीच म्हटलं, तोवर कार्डात गाणी भरायला लावा. त्याने कपाळाला आठ्या घालून गाणी लावली आणि दारातून ओरडला, "मी येतवरी हात लावाचा नाई!"

हात लावाचा नाई म्हणे! दहा वाजता लाइन जायची. तिकडे ऊर्जानगरात डोंगराएवढा कोळसा जाळून वीज करायची आणि इकडे आम्ही उकडून मरायचं. कम्प्युटर बंद पडला तर कार्ड जळतं, अशी आमच्याकडे सगळ्यांची समजूत होती. लाइन जायच्या आत जो तो आपलं उपटून घ्यायचा. पंखा मंदावला तसं मीही उपटलं.

कम्प्युटर चालूच होता. टेबलाखाली बॅटरी होती.

जलालुद्दीन सीडी घेऊन आला. माझ्या हातातलं कार्ड बघून तो ओरडला नाही. कार्ड आता उघडत नव्हतं. लाइन आल्यावर आतलं परत काढायला तो दुपारभर खपला. अकरा गाणी निघाली. मुखरूचा आवाज निघाला नाही. त्याने पैसे घेतले नाहीत, त्याचाही मला राग आला.

घरी मी ताईला सांगितलं की जलालुद्दीनने मुखरूच्या सांगण्यावरून सगळं पुसलं. ती तशीच चपला घालून त्याच्या दुकानात गेली आणि चौकभर ऐकू जातील अशा शिव्या तिने दिल्या. मी तिच्या मागे उभा होतो. पेनड्राइव्हवरून गाव डोक्यावर घेणारा तो माणूस खाली मान घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, तुमच्या भावालेच विचारा."

ताई वळली. "काय म्हणते हा, आदेश?"

"खोटं बोलून राह्यला," मी म्हणालो.

लोकांनी त्याच्या दुकानात जाणं सोडलं. पुढच्या वर्षी तो बिऱ्हाड घेऊन वरोऱ्याला परत गेला. बरं झालं, असं मी चारचौघांत म्हणालो.

बांधी मुखरूकडेच राहिली. इंदुताई रोवणीला त्याच बांधीत रोजाने जाते. संध्याकाळी चिखलाचे पाय धुताना ती जलालुद्दीनला शिव्या घालते, आणि मी तिच्या पायांवर पाणी ओततो.