शिट्टीआधीचं ‘काही नाही’

रविकिरण शिकायला नागपूरला गेला आणि लातूरच्या त्या वरच्या मजल्यावर त्याची आई जगदेवी आणि तांबू असे दोघेच उरले. नवरा हदगावला शाळेवर. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत. तांबू हे रविकिरणने क्लासच्या दारातून उचलून आणलेलं कुत्रं. रस्त्यावरचे हॉर्न त्याला सोसायचे, कुकरची शिट्टी मात्र नाही. ती झाली की तो जिना उतरून थेट फाटकाबाहेर पळायचा.

दुसऱ्यांदा तो ऑटोखाली येता येता वाचला, तेव्हा खाली राहणारे घरमालक अनंतराव म्हणाले, आता एकदा पळाला की त्याला आमच्या शेतावर नेऊन सोडतो. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण तांबू गेल्यावर दिवसभरात जगदेवी बोलणार कुणाशी?

ती त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर पुनम वयाने पोरगीच होती. शिट्टीच्या वेळी तुम्ही काय करता, असं तिने विचारलं.

“व्हायच्या आधीच घट्ट धरते. काही नाही, काही नाही म्हणते.”

पुनम हसली. “मावशी, त्याला ते शिट्टीचं नाव वाटून राहिलंय.”

जगदेवीला पटलं नाही. घरी आल्यावर, गॅस बंद असताना, त्याच्याकडे न बघता ती हळूच म्हणाली, “काही नाही.” तांबू शेपूट पायात घालून पलंगाखाली शिरला.

ती तिथेच फरशीवर बसली. फोनवर रविकिरणलाही ती आधी ‘काही नाही रे’ म्हणायची आणि मग त्याच्या वडिलांच्या बीपीचं सांगायची. हल्ली तो फोन कमीच उचलायचा.

पुनमच्या सांगण्यावरून तिने शिट्टी मोबाइलमध्ये भरून घेतली. वरण पातेल्यात शिजू लागलं. रोज दुपारी आवाज अगदी बारीक करून लावायचा, लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. कान मागे पडले की आवाज आणखी कमी. आणि आपण गप्प राहायचं, जे सगळ्यात अवघड होतं.

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी तिने जिन्याचं दार लावून खराखुरा कुकर चढवला. पहिल्या शिट्टीला तांबू उठला. दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिने ओठ आवळून धरले आणि अंड्याचा तुकडा खाली ठेवला. दुसऱ्या शिट्टीला तो तुकडा चाटत होता. तिसरीला आडवा झाला.

थोड्या वेळाने खालून अनंतरावांची हाक आली. “बाई, आज कुकर लावला का? कुत्रं कसं पळालं न्हाई?”

“लावला की काका. तीन शिट्ट्या झाल्या.”

“असं? मग राहू द्या त्याला.”

जगदेवीने लगेच रविकिरणला फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. तिने कुकरचं झाकण काढलं. कुकर हातात आला तसं डाळीचं मापही रविकिरण घरी असतानाचंच पडलं होतं. तिघांना पुरून उरेल एवढं वरण झालं होतं.