माहेरी गेलेली कॅसेट

"माहेरी गेलीय. येईल."

कोणतीही कॅसेट सापडेनाशी झाली की काका एवढंच म्हणायचे. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. तशी सिडकोतल्या त्यांच्या व्हिडिओ लायब्ररीत कॅसेट कधी हरवली नाही. गिऱ्हाईक चिडलं तर काका स्टूल पुढं सरकवायचे. "बसा की. नांदती पोर हाय, माहेरी धाडावंच लागतं." आता ह्यावर माणूस भांडणार तरी काय, तुम्हीच सांगा!

मी तेव्हा वाळूजच्या एका कंपनीत फिटर होतो. सुट्टीच्या दिवशी दुकानात जाऊन बसायचो, बिघडलेले व्हीसीआर उघडायचो. काका मला "साहेब" म्हणायचे अन् मला ते लई आवडायचं.

सगळ्या कॅसेटींत त्यांची लाडकी एकच. अजिंठा बघायला आलेल्या एका जपानी बाईंनी ती फर्दापूरला काकांच्या मेव्हण्याला दिली होती, अन् मेव्हण्यानं काकांना. जपानी कार्टून सिनेमा, पण बोलणं इंग्रजीत. एक मुलगी आणि तिचा लंगडा बगळा समुद्र शोधायला निघतात, एवढीच गोष्ट. रविवारी दुपारी गल्लीतली पोरं गोळा करून काका तो फुकट दाखवायचे, अन् टीव्हीशेजारी उभं राहून अर्थ सांगायचे. इंग्रजीच्या नावानं शंख!

"आता ती म्हणतीय, लई भूक लागली."

"काका, ती रस्ता विचारतीय," मी म्हणायचो.

"व्हय, पण सकाळधरनं चाललीय ना? भूक लागली नसंल?"

पोरांना काकांचंच पटायचं. खरं सांगतो, मलाही.

तिच्यावर चुकून कुणी काही भरू नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची टिकली त्यांनी मोडून टाकली होती. टिकली नसली की मशीन रेकॉर्डिंग घेत नाही.

तरी ती मी पुसली.

ताईचा साखरपुडा नुकताच झाला होता. कॅमेरावाल्याला त्याची कॅसेट संध्याकाळी परत हवी होती, म्हणून काका घरी जेवायला गेले तेव्हा मी घाईघाईनं नक्कल करायला बसलो. लेबल नसलेली एक कॅसेट उचलली. मशीन काही घेईना. पण मी पडलो फिटर! टिकलीच्या खाचेवर सेलोटेप चिकटवला अन् बटण दाबलं. पाऊण तासानं साखरपुडा उतरला. आलाय का नीट, म्हणून जरा पुढं चालवून बघतो तर पडद्यावर बगळा.

अर्धा सिनेमा गेला होता. कॅसेट फळीमागं दडवली. घरी सांगितलं, रेकॉर्डिंग आलंच नाही. तोवर कॅमेरावाल्यानं त्याच्या कॅसेटवर दुसऱ्याची मुंज भरली होती. ताई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

रविवारी पोरं जमली. काकांनी सगळ्या फळ्या पाहिल्या, त्यांच्या मागंसुद्धा, अन् हात झटकले.

"माहेरी गेलीय, फर्दापूरला. येईल."

माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. पण त्या दिवसापासून मी निघालो की दर वेळी विचारायचे, "साहेब, काय इसरलं तर नाय ना इथं?"

"नाही काका."

भेकड होतो, दुसरं काय! पुढं दुकान बंद पडलं, काकाही गेले, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

परवा भाच्यानं फोनवर एक चित्र दाखवलं. तोच लंगडा बगळा! सिनेमा जपानीत आहे, पण ते इंग्रजी बोलणं कुठंच उरलं नाही म्हणे. देशोदेशीची माणसं ते धुंडाळतायत. मला बसवेना. तडक काकूंच्या घरी गेलो अन् सगळं सांगून टाकलं.

काकू हसल्या. "त्यांना ठावं होतं की रे. तू आपणहून सांगशील म्हणून थांबले होते."

पेटीतून त्यांनी कॅसेट काढली. साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. सेलोटेप खरवडून काढलेला. लेबलवर काकांचं तिरपं अक्षर: "आधी साहेबांच्या ताईचा साखरपुडा. पुढं बगळा. दोन्ही पुसू नये. साहेब न्यायला येतील."

मी काकूंसमोर ढसाढसा रडलो.

जुना व्हीसीआर दुरुस्त करून ताईबरोबर ती लावली. काळ्याभोर केसांचे बाबा पाहुण्यांना आग्रह करून पेढे भरवत होते. तबक पुढं आलं, पडद्यावर मुंग्या आल्या, अन् मुलगी बगळ्याला उचलून टेकडी चढायला लागली. शेवटी दोघांना समुद्र दिसला. "गाढवा, एवढी वर्षं!" म्हणून ताईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, अन् पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

तो उरलेला अर्धा सिनेमा भाच्यानं जगापुढं ठेवला. परक्या माणसांनी आभार मानले. एकानं विचारलं, पहिला अर्धा कुठं आहे?

भाच्याला म्हटलं, लिही. आमच्याकडचा माझ्या हातून पुसला गेला, माफ करा. पण त्या जपानी बाईंनी आणखी कुणाला दिलाच असेल, शोधत राहा. आणि खाली लिही, आमचे काका सांगून गेलेत:

माहेरी गेलाय. येईल.