निशा घरतच्या ग्रुपवर कात्री चालत नाही

पनवेलहून नेऱ्याकडे जाणारा रस्ता डोंगराच्या अंगाला लागतो, तिथे निशा घरतची नर्सरी आहे. उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातली ही मुलगी पनवेलच्या कॉलेजात बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाली आणि लग्न होऊन डोंगराखालच्या गावात आली. शिकलेली सून सरकारी कागद वाचून दाखवेल, एवढीच सासरच्यांची अपेक्षा होती. तिने कागद तर वाचलेच, वर सासऱ्याकडून रस्त्याकडेचा पडीक तुकडा मागून घेतला आणि त्यावर हिरवी जाळी ताणली. आता आसपासचे फार्महाऊसवाले आणि करंजाडेच्या नव्या इमारतींतले बाल्कनीवाले तिच्याकडूनच जास्वंद, कढीपत्ता आणि शेणखताच्या गोण्या नेतात.

गिऱ्हाइकांसाठी तिने व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. नाव ठेवलं 'रोपं आणि माती'. नाव अजून तेच आहे, आत मात्र राजकारण चालतं. झालं असं, की एकाने कढीपत्त्यावरच्या पांढऱ्या किडीचा फोटो टाकला. दुसरा म्हणाला, टँकरचं पाणी घातलं की असंच होणार. तिसऱ्याने विचारलं, टँकर का लागतो ते बोला ना. तिथून महापालिका, तिथून पक्ष, तिथून देव आणि धर्म. कीड बाजूलाच राहिली.

अशा वेळी इतर ग्रुपांचे अॅडमिन 'नो पॉलिटिक्स प्लीज' लिहून, जोडलेल्या हातांचं चित्र टाकून मोकळे होतात. निशाला हा भेकडपणा वाटतो आणि तिचं बरोबरच आहे. पाणी, जमीन, देव, मत यांतलं काहीच बोलायचं नसेल तर मोठ्या माणसांनी करायचं काय, रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवायची? तिने सगळ्यांना भांडू दिलं. नियम एकच केला: कापलेला व्हिडिओ चालणार नाही. कुणाचं बोलणं दाखवायचं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवा, अख्खं नसेल तर टाकू नका. हा नियम मोडला म्हणून तिने सख्ख्या नवऱ्याला, परेशला, आठवडाभर बाहेर काढलं होतं. तो जेवताना समोर बसून विचारायचा, "आज ग्रुपवर काय झालं ते तरी सांग." ती म्हणायची, "आमटी घे."

ग्रुपवरची खरी कुस्ती असायची दोघांची. एक निशाचे सासरे काशीराम घरत, गावकीतलं वजनदार माणूस आणि देवाच्या पालखीचे मानकरी. दुसरा करंजाडेचा सत्यजीत, पुण्याहून नोकरीसाठी आलेला, गच्चीवर टोमॅटो लावणारा आणि देव नाही हे रोज नव्याने सिद्ध करणारा. सत्यजीत लांबलचक टाइप करायचा. काशीराम आवाजी निरोप पाठवायचे, "सत्यजीत, तुजा टोमॅटो कोन पिकवतो रं? तू?" लोक चहा पिता पिता ऐकायचे. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नव्हती.

यंदा जत्रेच्या आधी देवळात गावकी बसली. विषय होता, नव्या इमारतींतल्या लोकांनी पालखीला खांदा द्यायचा की नाही. परेशने सवयीप्रमाणे सगळं मोबाईलवर घेतलं. एका वाहिनीचा माणूसही कॅमेरा घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वाहिनीवर काशीराम दिसले. हात उंचावून म्हणत होते, "बाहेरच्या लोकांना पालखीला हात लावू द्यायचा नाय." तेवढंच. खाली लाल पट्टी: देवाच्या दारातही उपऱ्यांना बंदी?

ग्रुप पेटला. करंजाडेच्या एका बाईंनी लिहिलं की आमच्याकडून रोपांचे पैसे चालतात, खांदा चालत नाही. गावातली पोरं वाहिनी विकली गेली म्हणून ओरडू लागली. कुणीतरी ती बातमी ग्रुपवर टाकली, ती निशाने नियमाप्रमाणे काढून टाकली. लगेच सत्यजीतचा प्रश्न आला, "सासऱ्यांची आहे म्हणून काढलीत का? अख्खा व्हिडिओ तुमच्या घरातच असणार. टाका तो. मी सगळा बघेन आणि चुकलो असेन तर इथेच सांगेन."

मागणी रास्त होती. निशाने नर्सरीतल्या पत्र्याच्या खोलीत बसून परेशच्या मोबाईलवर बैठक पाहिली. बारा मिनिटांची होती. सुरुवातीलाच तिचा जीव भांड्यात पडला. काशीरामांचं अख्खं वाक्य असं होतं: "बाहेरच्या लोकांना पालखीला हात लावू द्यायचा नाय, असं जे बोलतात ते देवाला आपल्या खिशात घालून फिरतात. देव काय सातबाऱ्यावर हाय का कुनाच्या?" वाहिनीने वाक्याचं शेपूट तोडलं होतं आणि माणूस उलटा करून टांगला होता.

पण ती पुढे बघत राहिली. शेवटाकडे कुणीतरी सत्यजीतचं नाव काढलं. काशीराम उसळले. "तो? देव नाय बोलनारा? तो पालखीच्या वाटेत दिसला तर पाय तोडून हातात देईन." देवळात हशा पिकला होता.

परेश मागे उभा होता. "पहिली चार मिनिटं टाक. बाबांचं नाव साफ होतं. बाकीचं कोनाला माहीत हाय?"

"मला माहीत आहे."

"तुला माहीत असून काय होतंय? तू तर घरातली."

"म्हणूनच. वाहिनीवाल्याने त्याला हवं तेवढं कापलं, मी मला हवं तेवढं कापू? मग आमच्या दोघांत फरक काय, त्याच्याकडे लाल पट्टी आहे एवढाच?"

"गावकी मान काढून घेईल बाबांचा. आमच्या तीन पिढ्यांचा मान हाय तो."

हे खरं होतं आणि निशाला ते पुरतं कळत होतं. या घरात ती आली तेव्हा पहिल्या जत्रेला काशीरामांनी पालखी अंगणात थांबवून तिला ओवाळायला पुढे बोलावलं होतं. मान गेला तर म्हातारा खचेल. नियम गेला तर ग्रुपवर तिला कुणी पुन्हा विचारणार नाही. परेशसाठी लावलेला नियम सासऱ्यासाठी वाकवला असं लोक म्हणतील आणि ते खोटं नसेल.

ती मोबाईल घेऊन घरी गेली. काशीराम ओटीवर बसले होते आणि सासूबाई हौसाबाई कोलीम, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, निवडत होत्या. निशाने दोघांना शेवटचा भाग ऐकवला.

काशीरामांचा चेहरा उतरला. "मस्करीत बोललो गो. सगले हसले."

"हसले ते दिसतंय. पण सत्यजीत तिथे नव्हता हसायला."

"म्हंजे तू हे टाकनार? माझ्याच घरातून माझी फजिती?"

"तुम्ही नको म्हणालात तर काहीच टाकणार नाही, बाबा. पण अर्धं टाकणार नाही. टाकलं तर सगळं."

हौसाबाईंनी मान वर केली नाही. "पाय तोडीन बोलताना आवाज कवरा मोठा होता. आता का बसला?"

"तू गप."

"मी गपच हाय. तुमीच बोललाव."

काशीराम उठून परसात गेले. शेवग्याखाली बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी पायरीवरून एवढंच म्हटलं, "टाक. बोललो ते मीच बोललो."

निशाने बाराच्या बारा मिनिटं टाकली. वर एक ओळ लिहिली: 'सुरुवात आणि शेवट, दोन्ही बघा. मग बोला.'

दुपारभर लोक बघत होते. रोपांच्या पैशांवरून बोललेल्या बाईंनी आधी लिहिलं, की मी अर्ध्यावर विश्वास ठेवला, चुकले. काहीजण ग्रुप सोडून गेले. त्यांत फार्महाऊसवाले होते आणि गावचेही. संध्याकाळी सत्यजीतचं आलं, त्याच्या मानाने फारच छोटं: 'सगळा पाहिला. वाहिनीने काकांवर अन्याय केला, आणि त्यावर विश्वास ठेवून मीही. शेवटी काकांनी माझ्यावर केला. माझं मी मागे घेतो.'

काशीरामांनी ते निशाकडून दोनदा वाचून घेतलं. मग मोबाईल तोंडाजवळ धरून आवाजी निरोप पाठवला. "सत्यजीत, मी काशीराम. पाय तोडीन बोललो ते मागं घेतो. वाईट बोललो. आता देव नाय बोलतोस, ते तुजं चूकच हाय, त्याच्यावर भांडू. पन पालखीला ये. खांदा नको देऊस, तुला पटत नाय तर. जेवायला बस."

सासूबाई म्हणाल्या, "जेवन कोन करनार तेबी विचारा."

पण गावात हे सगळ्यांना पचलं नाही. पुढच्या रविवारी गावकी पुन्हा बसली आणि विषय निघाला मानाचा. बायका नेहमीसारख्या मंडपाच्या कडेला, खांबांमागे बसल्या होत्या. निशाही तिथेच. एक जण उठला आणि म्हणाला, की काशीरामदादांनी देव न मानणाऱ्याची माफी मागितली, त्यांच्या हातात पालखीचा दांडा शोभतो का? दुसरा म्हणाला, "त्यांचा काय दोष नाय. सुनेनं सासऱ्याला चव्हाट्यावर आनला."

माना वळल्या. निशा उठणार होती, तेवढ्यात काशीराम उभे राहिले.

"वाहिनीनं मला अर्धा दाखवला तवा तुमी सगले चिडलाव. बरोबर? माझ्या सुनेनं मला पुरा दाखवला. त्यात मी चांगलाबी दिसलो नि वाईटबी. मी हाय तसाच दिसलो. मान काढायचा तर काढा, पन ह्या कारनानं काढताव ते तिच्यासमोर बोला. तिला पुढं बोलवा आनि बोला."

ज्याने विषय काढला तो खाली बसला. मान राहिला. तसा ठरावबिराव काही झाला नाही, पुढचा विषय निघाला, त्यावरून कळायचं ते कळलं.

पुढचा विषय होता वर्गणीचा. तेवढ्यात एका म्हाताऱ्याने हात वर केला. "हल्ली कोन काय कापून दाखवंल नेम नाय. आपल्या बैठकीचा आपला पुरा व्हिडिओ पाहिजे. निशाला पुढं बसवा. मोबाईल ती धरंल."

गावकीत पुढे बसलेली बाई त्या देवळाने पाहिली नव्हती. काशीराम सरकले आणि त्यांनी शेजारची सतरंजी हाताने झटकली. निशा खांबामागून आली, पदर खोचला आणि बसली. परेशने मोबाईल तिच्यापुढे केला.

तिने तो घेतला नाही.

"तूच धर," ती म्हणाली. "वर्गणीवर मला बोलायचंय."