नाळ शाबूत

संपादकमहाराज, तुमच्या मासिकातली भुताखेतांची पानं मी आजवर चिकटवून टाकत आलो, मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून! मी कर्जतच्या मराठी शाळेत मास्तर. घाटात हलणारा दिवा म्हणजे रेल्वेच्या माणसाचा कंदील, हे मी पोरांकडून घोकून घेतलंय. आणि आज त्याच पानांसाठी मीच लिहायला बसलोय... हसायचं तर खुशाल हसा.

प्लेगाच्या आदल्या साली एका पेन्शनर मामलेदारांनी स्टेशनाजवळच्या भाताच्या वखारीत महिनाभर ‘दर्याचा अजबखाना’ मांडला. जाळी, वल्ही, शंख, देवमाशाचं हाड. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही असे शेतकरी दुरून दुरून येत. ते हाड कुठल्या बैलाचं, असं मला रोज कोणीतरी विचारायचंच. शाळा सुटली की देखरेख माझ्याकडे असे.

मामलेदारांच्या यादीत एक ओळ होती – ‘खेळण्यातली होडी. नाळ शाबूत.’ मी कुंभिवलीचा, भाताच्या चिखलात वाढलेला. मला नाळ ठाऊक ती एकच, बाळाची. होडी उलटीपालटी करून शोधली. सापडली नाही. पण मास्तराने ‘माहीत नाही’ कसं म्हणावं? मी बेधडक सांगू लागलो की दर्यावरचे लोक मुलाची नाळ होडीच्या पोटात जपतात. झालं! बायका होडीला हात लावून पाया पडू लागल्या, होडी डुगडुगायला लागली. शेवटी सुताराकडून ती चार खिळ्यांनी फळीवर ठोकून घेतली, टोक पश्चिमेच्या खिडकीकडे. वर काचेचं झाकण, त्याला कुलूप, किल्ली माझ्या कोटाच्या खिशात.

एका सोमवारी भर दुपारी आई कुंभिवलीहून बैलगाडीने आली. हातात एक पत्र होतं. तिचं माहेर रेवदंड्याकडचं, अगदी समुद्राकाठी. तिचा धाकटा भाऊ पोशामामा बारा वर्षांपूर्वी गलबतावर गेला तो आलाच नव्हता. मी पत्र वाचून दाखवलं. येत्या अमावास्येला दर्भाचा पुतळा करून मामाची क्रिया करायची ठरली होती. म्हणजे त्याच दिवशी मामीच्या हातातल्या बांगड्या फुटणार. आईने पत्राची घडी कमरेला खोचली. तिचं मन जरा रमावं म्हणून मी तिला अजबखाना दाखवायला नेलं.

होडीपाशी मी माझं नाळपुराण सुरू केलं. आईने आधी ऐकून घेतलं, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

“अरं मास्तरा, नाळ म्हंजे होडीचं म्होरलं टोक रं! कुनी सांगितलं तुला ह्ये?”

मग तिने सांगितलं – तिच्या माहेरी माणूस दर्यावर गेला की घरात अशी होडी टांगतात, नाळ समुद्राकडे. तो परत निघाला असं कळलं की नाळ घराकडे वळवतात. मी वरमून यादीकडे पाहत होतो. एवढ्यात आईने माझा दंड धरला.

“बग... वळली.”

नाळ पूर्वेला होती, आत, आईकडे. खिडकीकडे होडीची मागची बाजू! कुलूप लागलेलं, किल्ली खिशात. मी झाकण उघडून होडी हलवून पाहिली. चारही खिळे घट्ट. फळीत दुसरं एकही भोक नव्हतं.

“पोशा निघाला,” आई म्हणाली. “लिव्ह पत्र. क्रिया करू नका म्हनावं.”

“आई, खेळण्यातल्या होडीवरून? लोक काय म्हणतील मला?”

“लोकांचं र्‍हाऊ दे. तिच्या बांगड्या फुटल्या तर परत कोन भरंल?”

मी पत्र लिहिलं. खरं सांगतो, लिहिताना कान लाल झाले होते. तिकडून उत्तर आलं, थांबतो, पण फार तर पुढच्या अमावास्येपर्यंत.

तीन आठवड्यांनी कर्जत स्टेशनात मुंबईच्या गाडीतून एक रापलेला माणूस उतरला आणि त्याने माझ्याच आईचं नाव घेऊन चौकशी केली. नाक हुबेहूब आईचं. मी, भुतं न मानणारा मास्तर, दोन पावलं मागे सरलो.

“म्हनून तर आधी ताईकडं आलो,” पोशामामा म्हणाला. “घरी एकटा गेलो तर भूत समजून पळतील समदी.”

गलबत फुटून तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, जंगबारात अडकला होता. आगबोटीवर काम मिळालं, तसा निघाला. कुठल्या वारी निघालास, हे मी त्याला विचारलंच. तीन आठवड्यांमागच्या सोमवारी, म्हणाला. मामा आला त्या दिवशी आई कधी हसत होती आणि कधी रडत होती ते आम्हाला कळेना. मला तर शाळेत पोरांना दिवसभर लाडू वाटावेसे वाटत होते, आणि वाटलेही. पुढे मामीने आईला हिरव्या बांगड्या पाठवल्या, तशाच स्वतःही नव्या भरल्या.

सुतार म्हणतो, खिळे त्याचेच. मला अजून उलगडा झालेला नाही, तुम्हाला झाला तर कळवा.

महिना संपल्यावर मामलेदारांनी यादी तपासून मागितली, कुठल्या वस्तूची काय हालत ते लिहून. त्या होडीपुढे मी बराच वेळ टाक धरून बसलो. मग त्यांचेच दोन शब्द पुन्हा लिहिले – नाळ शाबूत.