चौघांचा ट्रेलर

माझी धाकटी जाऊ आणि भावोजी किहीमला राहतात. दोघंही नोकरीतून मोकळी झाली आणि त्यांनी गाडीमागे जोडायचा ट्रेलर घ्यायचं ठरवलं. आत झोपायची सोय, ओटा, सगळं. किनाऱ्याने खाली खाली जायचं, आवडेल तिथे मुक्काम करायचा, असा बेत.

जावेचा फोन आला. "जाऊबाई, रविवारी पनवेलला येता का? आम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तोच घेऊ."

माझे वडील श्रीवर्धनहून सुपारी घेऊन टेम्पो चालवायचे. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून घाट चढले आहे. किती वजनाला गाडी दमते, ते मला कळतं. म्हणून तिने मला बोलावलं. मी गेले. आमचीही श्रीवर्धनलाच सुपारीची वाडी आहे, पण कुठे जाऊया म्हटलं की आमचे हे विचारतात, "शिंपणं कोण करणार?" लग्नाला एकतीस वर्षं झाली, शिंपणं काही संपलेलं नाही.

पनवेलला दोन ट्रेलर दाखवले. एक दोघांचा, एक चौघांचा. दोघांच्या ट्रेलरमध्ये मी पलंगावर टेकले आणि उठावंसंच वाटेना. खिडकी अगदी उशाशी होती. खाली उतरून मी तिथल्या माणसाला दोन्हींची वजनं विचारली. भावोजींच्या गाडीला लहानच झेपणार होता. मोठा रिकामा कसाबसा निघाला असता, पण पाण्याची टाकी आणि सामान भरल्यावर घाटात गाडी रडली असती.

जाऊ लहान ट्रेलरच्या दारात उभी होती. चेहरा इतका खुललेला, की मला बघवेना.

"काय वाटतं, जाऊबाई?"

"मोठाच घ्या," मी म्हणाले. "मुलं येतील, नातवंडं येतील. यात दोन दिवसांत कंटाळाल."

तिने एकदा मागे वळून पाहिलं आणि मान डोलावली.

पहिला मुक्काम आमच्याच वाडीत ठरला होता. मी स्वयंपाक करून वाट पाहत होते. म्हसळ्याच्या अलीकडे चढावर गाडीचा क्लच जळला, असा फोन आला. ऐकल्याबरोबर मला बरं वाटलं. मग स्वतःचीच भीती वाटली.

भावोजी गाडीपाशी थांबले, जाऊ एसटीने एकटीच आली. तिला जेवायला वाढलं आणि सांगून टाकलं. "मला माहीत होतं. लहानच घ्यायला हवा होता."

तिचा हात ताटातच थांबला. "मग बोलला का नाहीत?"

"तो तुला मिळू नये असं वाटलं."

तिने ताटातलं सगळं संपवलं, ताट स्वतः मोरीत ठेवलं आणि भावोजींचा डबा घेऊन निघून गेली. नंतर तीन महिने फोन नाही. मोठा परत देऊन त्यांनी लहान घेतला, हे मला ह्यांच्याकडून कळलं.

दिवाळीत ती दोघं तो ट्रेलर घेऊन आली. वाडीच्या फाटकाशी लावला. शेजारच्या बायकांना जावेने आत नेऊन दाखवलं. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर उभी होते. तिने दारातूनच कप घेतले, एक घोट घेऊन "साखर बरोबर आहे हो," म्हणाली आणि आत वळली. बायका आत हसत होत्या. मी रिकामा ट्रे घेऊन थोडा वेळ तिथेच थांबले.